संगमरवराची बाकं

पेत्रोख्ती,
१८ मार्च २०१९

मरिगो,

पत्रास कारण, तुझा लेख. खुशाली विचारत नाही. मासिकात तुझा फोटो आहे, गालांवर चांगली चरबी चढलेली दिसते.

फोन करत नाही, कारण मी आवाज चढवला की तू म्हणतेस, "आजी, ऐकू येत नाही गं, रेंज गेली." पत्राला ते बटण नसतं. मी दोन यत्ता शिकले, माझं अक्षर म्हणजे कोंबडी ओल्या चुन्यावरून चालत गेल्यासारखं. तरी वाचता येईल. नाही आलं तर दुसऱ्यांदा वाच.

मासिक मानोलिसच्या कॉफीच्या दुकानात आलं. त्यानं ते काचेला चिकटवलंय, जसं काही त्याच्या मुलाचं प्रगतिपुस्तक. मला पाद्रीबाबांच्या पाद्रीणबाईंनी वाचून दाखवलं, सगळ्या बायकांच्या देखत. "आयुष्यात एकदा तरी पाहावीत अशी युरोपातली बारा ठिकाणं." पहिल्या अकरांशी माझं देणंघेणं नाही, तिथल्या म्हाताऱ्यांनी आपापल्या नातींचे कान उपटावेत. बारावं आमचं गाव.

"पेत्रोख्तीची दारं आकाशासारखी निळी आहेत." दारं निळी आहेत कारण बोटींना फासून उरतो तो रंग निळा असतो. "दारात बसलेल्या हसतमुख म्हाताऱ्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातावर अंजीर ठेवतात." कोण ठेवतं? मी? माझी अंजिरं मी पाद्रीबाबांनाही मोजून देते. आणि हसतमुख कोण? शेजारची कातिना हसल्यासारखी दिसते, ती तोंडात दात नाहीत म्हणून.

हे सगळं मी गिळलं असतं. पुढचं ऐक. तुझंच लिहिणं तुला सांगते.

"चर्चच्या मागे समुद्रावर झुकलेली एक गच्ची आहे. दिवसभर तापलेल्या पांढऱ्या संगमरवरी बाकांवर बसा, वाइनची बाटली उघडा आणि सूर्य पाण्यात उतरताना बघा. साऱ्या युरोपात याहून देखणा सूर्यास्त नाही."

पाद्रीणबाई वाचता वाचता थांबल्या. बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

बये, ती गच्ची नाही, ती आमची दफनभूमी आहे. ती बाकं नाहीत, त्या कबरी आहेत. ज्या बाकाला टेकून तू फोटो काढून घेतलास ना, त्याच्याखाली तुझा आजोबा झोपलाय. त्याच्या नावाची पाटी तुझ्या पाठीमागे नेमकी लपली. लपली की लपवलीस?

आणि खाली नाव काय, तर मरिगो. आमच्याकडे नातीला आजीचं नाव ठेवतात. किती मूर्ख रीत आहे ते मला या वयात कळलं. खालच्या आळीतल्या निम्म्या लोकांना वाटलं मीच लिहिलंय.

आता दुसरं, आणि याच्यासाठी राग बाजूला ठेवून लिहिते. बाजूला ठेवलाय, टाकलेला नाही.

यंदा निकितासला, तुझ्या आजोबाला, उचलायचं आहे. तुला रीत माहीत आहे, पण अथेन्सनं तुझ्या डोक्यातून काय काय धुऊन काढलं असेल कुणास ठाऊक, म्हणून सांगते. आमचा खडक. त्यात जेवढ्या कबरी खणता आल्या तेवढ्याच. म्हणून माणूस काही वर्षं मातीत राहतो. मांस गळून गेलं की हाडं काढायची, वाइननं धुवायची, पेटीत घालून चर्चमागच्या हाडांच्या खोलीत ठेवायची आणि मोकळी झालेली जागा पुढच्याला द्यायची. पुढची कातिना आहे. डॉक्टरनं हात टेकले, तरी बाई जीव धरून आहे. म्हणते, "मरिगो, तुझा निकितास उठला की मी पडते. त्याला म्हणावं लवकर कर, माझी कंबर दुखते."

हाडं मी धुवीन. पण डोकं रक्ताच्या माणसानं उचलायचं असतं. मी बायको, परक्या घरातून आलेली. मला ते चालत नाही. तुझ्या बापाला मेलबर्नला फोन केला. म्हणाला, "आई, तिकीट परवडत नाही, तूच उरकून टाक ना." उरकून टाक! जणू कोंबडी सोलायची आहे. म्हणजे रक्ताची उरलीस तू एकटी. रक्ताचं कुणी आलं नाही तर गाव म्हणतं, बेवारस होता. ज्यानं या गावातल्या निम्म्या बोटी बांधल्या त्याला बेवारस म्हणवून घ्यायची माझी तयारी नाही.

जूनमधल्या मृतांच्या शनिवारी करायचं ठरवलंय. ये.

मरिगो, तुझ्या आधीची



अथेन्स,
२ एप्रिल २०१९

प्रिय आजी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा अक्षरासाठी, एकदा रडण्यासाठी.

अगं, मी ते प्रेमानं लिहिलं होतं. लहानपणी सुट्टीत मी तिथंच बसायचे ना, आजोबांच्या मांडीवर? सूर्य बुडाला की ते म्हणायचे, "गेला बघ, आता उद्या नवा देतील." मला जगातली सगळ्यात सुंदर जागा विचारली तर दुसरं काय आठवणार? "दफनभूमी" असंच लिहिलं होतं मी. संपादकांनी तो शब्द काढला. म्हणाले, सुट्टीला निघालेल्या माणसाला मेलेली माणसं दाखवू नका. माझं तिथं काय चालतं? नवीन आहे मी.

आणि खरं सांग, गावाचं वाईट झालं का? मानोलिसनं मला फोन करून आशीर्वाद दिले. म्हणाला, ईस्टरसाठी सगळ्या खोल्या भरल्या, वरच्या मजल्यावर त्याची म्हातारी सासू राहते ती खोलीसुद्धा. सासू कुठे ठेवणार ते मी विचारलं नाही.

आजोबांसाठी मी येणार. नक्की. शनिवारच्या आधी दोन दिवस पोचेन.

मला ते नीट समजून घ्यायचंय, आजी. तेव्हा लहान होते, मला लांब ठेवायचे. खणतं कोण? आधी काय वर येतं? हाडं कशी असली की चांगली? तुम्ही बायका काय बोलता, काय गाता? कपडे कुठले घालायचे? सगळं लिही, तुझ्याच शब्दांत, काही गाळू नकोस. तुझ्यासारखं सांगणारं आता कुणी उरलं नाही.

कातिनाकाकींना म्हणावं, घाई नको.

तुझी,
मरिगो



पेत्रोख्ती,
१ मे २०१९

मरिगो,

संपादकांनी काढला म्हणतेस. बरं. तुझा बाप लहानपणी म्हणायचा, दूध मांजरानं प्यायलं, आणि पांढरी मिशी त्याच्याच ओठांवर असायची. मी मांजराला कधी मारलं नाही.

ईस्टर झाला. कसा झाला ते ऐक, तुझ्या पुढच्या लेखाला उपयोगी पडेल.

गुड फ्रायडेच्या संध्याकाळी फुलांनी मढवलेली येशूची तिरडी घेऊन आम्ही निघालो. पुढे पाद्रीबाबा लेफ्तेरिस, मागे आम्ही, हातात मेणबत्त्या. रीतीप्रमाणे दफनभूमीला वळसा घालायचा, मेलेल्यांनाही कळावं की आज तोही मेलाय. फाटक ढकललं तर आत ही जत्रा! एकेका कबरीवर दोघं दोघं. बाटल्या, चीज, जैतून. जैतुनाच्या बिया माझ्या जावेनं ठेवलेल्या फुलदाणीत थुंकलेल्या. कातिनाच्या नवऱ्यावर उत्तरेकडचा एक माणूस बसला होता, उकडलेल्या खेकड्यासारखा लालबुंद, पाय पसरून. आम्हाला बघून त्याचा चेहरा असा फुलला, की त्याला वाटलं असावं हे सगळं त्याच्यासाठीच निघालंय. त्यानं मला चीजचा तुकडा पुढे केला. उपासाच्या दिवशी!

कोपऱ्यात कबरी झाडायचा झाडू असतो. तो मी घेतला. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की तो पळता पळतासुद्धा माझे फोटो काढत होता. झाडूसकट.

मानोलिस धावत आला. "काकी, अहो गिऱ्हाईक आहे ते! मारू नका!"

मी म्हटलं, "तुझ्या आईवर बसला असता म्हणजे?"

"बसला होता ना काल," तो म्हणाला. "मी म्हटलं, जाऊ दे, आईला आयुष्यभर माणसांची आवड."

पाद्रीबाबांनी फाटकावर पाटी लावली. ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी आठवण म्हणून घरी नेली.

असो. तू रीत विचारलीस, त्यानं जरा बरं वाटलं. लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. बोटं वाकडी झालीत, मग वाक्यंही वाकडी.

आधी पुरुष संगमरवर बाजूला सरकवतात, मग फावड्यानं वरची माती काढतात. गुडघ्याइतकं खोल गेलं की फावडं बाजूला, पुढे बायकांनी हातांनी. पायाकडून सुरुवात करत नाहीत, माणूस लाथ मारतो म्हणतात. हाडं वाळल्या अंजिरासारखी पिवळी निघाली तर समजायचं, माणूस हलका होऊन गेला. काळी निघाली किंवा मांस चिकटलेलं राहिलं तर कुणाचा तरी शाप आहे. मग पुन्हा पुरायचं आणि पाद्रीबाबांनी पुन्हा प्रार्थना म्हणायच्या. निकितासची मला धास्ती नाही. तो शिव्या फक्त लाकडाला द्यायचा.

गाणं वगैरे नसतं. बायका मेलेल्याशी बोलतात. तो गेल्यापासून काय काय झालं ते सांगतात. कोण जन्मलं, कुणी जमीन विकली, कुणाची सून पळाली. इतकी वर्षं त्याला बातमी नाही ना. मग डोकं. ते सगळ्यात शेवटी. रक्ताचं माणूस दोन्ही हातांनी उचलतं, कपाळाला ओठ लावतं आणि त्याच्या डोळ्यांच्या जागेत बघून आपलं नाव सांगतं, कारण त्याला आता दिसत नाही. तू म्हणायचंस, "मी मरिगो." त्याला वाटेल मीच तरुण होऊन आले. वाटू दे.

मग वाइन. त्याच्या स्वतःच्या मळ्यातली एक बुधली मी त्याच दिवसासाठी राखून ठेवलीय, पाद्रीबाबांची नजर चुकवून. उकडलेले गहू, साखर, डाळिंब, सगळं तयार करीन. काळा झगा घाल, केस बांध, नखांना रंग नको. गळ्यात ते फोटोचं यंत्र अडकवून आलीस तर विहिरीत टाकीन. यंत्र की तुला, ते त्या वेळी ठरवू.

कातिना वाट बघते. काल म्हणाली, "निकितासची नात येते म्हणजे मी केस विंचरून ठेवते."

आजी



अथेन्स,
१५ मे २०१९

प्रिय आजी,

किती सुंदर लिहिलंस! ऑफिसात वाचून दाखवलं, सगळे गप्प झाले.

घाईत आहे, एवढंच लिहिते. जूनच्या बारा तारखेच्या बोटीनं काही जण येतील, माझे ओळखीचे, चांगली माणसं आहेत. मानोलिसकडे उतरतील. मी मागून तेरा तारखेच्या बोटीनं येते. आणि एक विचारू? आजोबांचं ते सकाळऐवजी संध्याकाळी करता येईल का? संध्याकाळी उजेड छान असतो तिथं.

खूप खूप प्रेम,
मरिगो



पेत्रोख्ती,
२४ मे २०१९

उजेड छान असतो!

मला वाटलं होतं, मावळतीला आजोबाच्या मांडीवर बसायचीस म्हणून संध्याकाळ मागतेस. मी पाद्रीबाबांना जाऊन विचारून आले. म्हाताऱ्या पायांनी चढ चढून गेले तुझ्या उजेडासाठी. ते हो म्हणाले. आणि परत येताना मानोलिसच्या काचेवर नवा कागद दिसला. तुझ्या मासिकाचा. मी बोट ठेवून अक्षर अक्षर लावत बसले. मानोलिस म्हणाला, "काकी, मी वाचतो." मी म्हटलं, "हे मी वाचणार."

"लुप्त होत चाललेली प्राचीन प्रथा. ग्रीक बेटावर अस्थी धुण्याचा विधी, स्थानिक आजीच्या सोबतीनं. मोजक्याच पाहुण्यांसाठी. सूर्यास्ताच्या वेळी."

स्थानिक आजी. म्हणजे मी. अंजिराच्या झाडासारखी, स्थानिक.

आणि खाली काय? "हाडं वाळल्या अंजिरासारखी पिवळी निघाली तर समजायचं, माणूस हलका होऊन गेला." हे माझं वाक्य आहे, मरिगो. तीन संध्याकाळी मेणबत्तीत डोळे फोडून मी ते तुला लिहिलं. तुला. सगळ्या जगातल्या खेकड्यांना नाही. ऑफिसात वाचून दाखवलंस, सगळे गप्प झाले म्हणे. गप्प कसले होतात, हिशेब करत असतील.

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकून होते. तू तर त्या टाळूचं तिकीट लावलंस. आणि ती टाळू कुणाची? तुला खांद्यावर बसवून धक्क्यावर मिरवलं त्याची. तुझ्या पायात चप्पल नव्हती तेव्हा त्यानं बोटीच्या तुकड्यातून तुला खडावा करून दिल्या. त्यांचाही फोटो काढ, शेजारी ठेव, छान दिसेल.

मी नात मागितली होती. तू बस भरून पाठवलीस.

येऊ नकोस. ऐकू आलं का? की रेंज गेली? निकितास आहे तिथं राहील. कातिनाला मी सांगेन की थांब. आयुष्यभर ती कुणासाठी थांबली नाही, आता थांबेल.

खाली सही करत नाही. तुझ्याकडे माझं नाव आहेच, वापर.



अथेन्स,
३ जून २०१९

आजी,

गट रद्द केलाय. संपादकांशी भांडण झालं. शब्द त्यांनी काढला नव्हता, मीच काढला होता. आता झालं तुझं समाधान? मांजराच्या मिशीचं तुला तेव्हाच कळलं होतं, मग तेव्हाच फटका का नाही मारलास?

आता तू माझं ऐक. मलाही राग येतो, तुझंच नाव आहे माझं.

माझी आठवण गावाला कधी येते? हाडं काढायची असली की. बाबा मेलबर्नला निघून गेले, आई आणि मी इथं तळघरात राहिलो, खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसायचे. तेव्हा रक्ताचं कोण आहे म्हणून कुणी शोधत आलं नाही. मी त्या तळघरात डोळे मिटून तो समुद्र बघायचे. तोच लिहिला. विकला म्हणतेस, हो, विकला. दुसरं काय होतं माझ्याकडे विकायला?

आणि तुम्ही तिथं काय राखताय? शाळा बंद झाली. माझ्या वयाचं एक माणूस नाही गावात. बोट आठवड्यातून एकदा यायची ती आता तीनदा येते, कुणामुळे? तुझ्या गुडघ्यांना सुई टोचायला डॉक्टर राहायला तयार झाला, कुणामुळे? त्या खेकड्यांमुळे. तुला गाव मेलेलं चालेल, पण स्वच्छ झाडलेलं हवं.

मी येणार. तेरा तारखेच्या बोटीनं, एकटी. दार लावलंस तर फाटकाशी बसेन. ज्यांनी आधीच तिकिटं काढली होती त्यांना मी कळवलंय की कार्यक्रम नाही. तरी कुणी स्वतःहून बेटावर आलं तर बेट काही माझं नाही, आजी. तुझंही नाही.

मरिगो. माझंही तेच नाव आहे.



पेत्रोख्ती,
१७ जून २०१९

मरिगो,

तू पिरेयसच्या धक्क्यावर बोचक्यावर बसून होतीस हे मला कळलं. मानोलिसच्या दुकानात तुझा फोन आला तेव्हा मी तिथंच होते, घेतला नाही. उत्तरेचा वारा सुटला, बोटी बांधून ठेवल्या, त्यात तुझा दोष नाही. वारा मी तुझ्या माथी मारत नाही. बाकी सगळं मारते.

तळघराचं तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुझी आई फोनवर म्हणायची, "छान घर आहे, उजेडाचं." डॉक्टरचं म्हणालीस तेही खरं आहे. खरं आहे म्हणून मला आवडायला पाहिजे असं कुठे आहे?

आता काय झालं ते सांगते. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक.

गुरुवारी सकाळी कातिना गेली. केस विंचरलेले होते. डोळे डॉक्टरनं मिटले. आदल्या दिवशीच मला म्हणाली, "मरिगो, मी खूप थांबले गं, आता तुमचं तुम्ही बघा." उन्हाळ्यात माणूस घरात ठेवता येत नाही आणि बोटी बंद, तेव्हा दुसऱ्या बेटावर न्यायचीही सोय नाही. जागा एकच होती. शनिवारची वाट बघता येईना, तुझीही. शुक्रवारी निकितासला उठवायचं ठरलं.

तुझी माणसं बुधवारच्या बोटीनं आली होती, वारा सुटायच्या आधी. कार्यक्रम नाही म्हणे कळवलं होतंस. कळवलेलं कोण ऐकतं! शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो तर फाटकाशी ओळीनं उभी, प्रत्येकाच्या गळ्यात यंत्र. आणि सगळ्यांत पुढे कोण? माझा खेकडा. झाडू खाऊनही परत आला होता. माणसाची चिकाटी मानली पाहिजे.

पाद्रीबाबा हळूच म्हणाले, "मरिगो, फाटक लावू का?"

मी म्हटलं, "फाटकाला कडी आहे कुठे? आणि समुद्राकडून चढून येतील. येऊ द्या आत."

मी आयुष्यात अशी रागावले नव्हते. इतकी रागावले की डोकं थंड पडलं. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एकेकाच्या हातात सामान द्यायला लागले. खेकड्याला फावडं. उंच टोपीवाल्या बाईला तांब्याची परात, दोन्ही हातांनी धरावी लागते ती. एका जोडप्याला उकडलेल्या गव्हाचं ताट, दोघांनी दोन टोकांना धरायचं. एकाला वाइनची बुधली, आणि मानोलिसकडून सांगवलं की सांडलीस तर जिवंत घरी जाणार नाहीस. उरलेल्यांना पेटत्या मेणबत्त्या, एका हातात मेणबत्ती, दुसरा हात आडोशाला, कारण वारा. एकाचाही हात रिकामा ठेवला नाही. हात अडकले की माणूस फोटो कसा काढणार? डोळेच उरतात. मग बघतो बिचारा, नाइलाजानं.

खेकडा मन लावून खणत होता हो. नावही कळलं, योआखिम. गुडघ्याइतकं झालं तेव्हा मी त्याच्या दंडाला धरून बाहेर काढला, तर त्यानं आपणहून टोपी काढली. पुढे मी, पाद्रीणबाई आणि माझी जाऊ, हातांनी. निकितासला बातम्या सांगितल्या. कातिना येतेय, जागा दे. शाळा बंद पडली. तुझा मुलगा मेलबर्नला आहे, फोन करतो. तुझी नात मासिकात लिहिते. एवढंच सांगितलं, काय लिहिते ते सांगितलं नाही. मेलेल्याला किती त्रास द्यायचा?

हाडं पिवळी निघाली. वाळल्या अंजिरासारखी. मी परातीत धूत होते तर परात थरथरायला लागली. वर बघितलं तर टोपीवाली रडत होती, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी तिला पुसू दिले नाहीत. तिथं रडायचं असतं ते तसंच.

मग डोकं दिसलं.

सगळ्या थांबल्या. पाद्रीणबाई म्हणाल्या, "मरिगो, तूच घे आता. देव काही बघत नाही एवढं."

मी म्हटलं, "देव बघत नसेल. गाव बघतंय. आणि हा बघतोय, दोन भोकांतून, कोण आलंय म्हणून."

मी त्याला हात लावला नाही. माझ्या उशीचा अभ्रा आजूबाजूच्या मातीखालून सरकवला, भाकरीखाली उलथनं घालतात तसा, आणि मातीसकट कापडात घेतलं. उचललं नाही, सरकवलं. पाद्रीबाबांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं, म्हणून त्यांना यंदा अंजिरं न मोजता देणार आहे.

त्याच खड्ड्यात संध्याकाळी कातिना उतरली. तुझ्या माणसांनी मेणबत्त्या शेवटपर्यंत धरल्या, बोटांवर मेण सांडलं तरी. गहू खाल्ले. "देव त्याला क्षमा करो" एवढं मानोलिसनं त्यांच्याकडून म्हणवून घेतलं, प्रत्येकानं वेगवेगळं मोडून म्हटलं. एकही जण कबरीवर बसला नाही. सूर्य मावळला असावा. कुणी बघितला नाही.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. त्या माणसांत एक दिवस माणुसकी निघाली, ती माझ्या रागानं काढली, तुझ्या लेखानं नाही. उद्या दुसरे येतील, बाटल्या घेऊन. तुझ्या बाराव्या ठिकाणी मी रोज परात घेऊन उभी राहू शकत नाही. ते वाक्य तू लिहिलंस, तूच खोड. मासिकात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. ती बाकं नाहीत, कबरी आहेत, असं लिही, आणि कुणाच्या आहेत तेही. नोकरी जाईल म्हणशील. जाऊ दे. इथं घरात खिडक्या आहेत, पाय दिसत नाहीत.

निकितासची पेटी हाडांच्या खोलीत ठेवलीय. झाकण लावलेलं नाही. धुतलेली हाडं खाली, वर अभ्र्यात डोकं, अजून कपाळावर माती आहे. बुधलीत तळाशी वाइन राखलीय, डोक्यापुरती. पाद्रीबाबा विचारतात, किती दिवस असं उघडं? गावातल्या बायकाही विचारतात. मी कुणाला काही सांगत नाही. मी वाट बघत नाहीये, मला टोमॅटो बांधायचे आहेत. वाट तो बघतोय.

वारा पडला आहे. बोटी सुरू झाल्या.

उत्तर लिहू नकोस, तुझं लिहिणं मी बघितलंय. ये आणि त्याला तुझं नाव सांग.

मरिगो